सेट फोडून मिळणार नाही

नवीन गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "शेठ न्हाईत काय?"

मी काउंटरवर समोर बसलेली असायची. पण माझ्या डोक्यावरून मागं बघत विचारायचं. मी म्हणायची, "शेठ फोटोत हाईत. तुमाला काय पायजे ते मला सांगा." मग पावणं फोटो बघायचं, त्याचा हार बघायचं, जरा ओशाळायचं, आणि तरीही आवाज बारीक करून म्हणायचं, "न्हाई, म्हंजे इंजिनाचं सामान पायजे होतं." जसं काही मी तिथं तोवर पापड विकत होते.

शाहूपुरीत आमचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मालक गेल्यावर मी काउंटर धरलं आणि यंदाच्या पाडव्याला लेकीच्या हातात दिलं. मी रिकामी झाले असं कळल्यावर या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, आठवणी लिहा. मी म्हटलं, अहो, पिस्टनवर लिहिलेलं कोण वाचणार? ते म्हणाले, "वैनी, आमच्या अंकात कविता बी असत्यात." त्यामुळं जरा धीर आला.

ज्यांना इंजिन म्हणजे बॉनेटखालचं काहीतरी काळं एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. गाडी धूर सोडायला लागली, ऑइल प्यायला लागली, चढाला दम टाकायला लागली की मिस्त्री म्हणतो, "आता काम काढायला लागतंय." मग इंजिन खाली उतरतं आणि सगळं सुटं होतं. पिस्टन ज्या भोकांत वर-खाली होतात ती भोकं झिजलेली असतात. ती उद्यमनगरातल्या वर्कशॉपात थोडी मोठी आणि गुळगुळीत करून आणायची आणि त्या मापाचे नवे पिस्टन घालायचे. पिस्टनांच्या खाली क्रँक म्हणून एक वाकडातिकडा दांडा असतो. चारी पिस्टन त्याच्यावरच नाचतात. तोही झिजतो. त्याला घासून बारीक करायचं आणि जेवढा बारीक झाला तेवढं जाड बेअरिंग बसवायचं. काय ठेवायचं, काय बदलायचं आणि बदलायचं तर कुठलं घ्यायचं, ह्या तिसऱ्या प्रश्नावर आमचं घर चाललं.

त्या तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच असतं. "ओरिजनल द्या." पण ओरिजनल म्हणजे काय, ह्यावर माझ्या काउंटरवर जेवढा काथ्याकूट झाला तेवढा वकिलांच्यातही होत नसेल. एक ओरिजनल कंपनीच्या खोक्यातलं. एक "ओरिजनलसारखं". एक "फस्क्लास ओरिजनल", म्हणजे खोकं कंपनीचं, आतला माल देवाचा. आणि एका पावण्यानं तर मला तोंडावर सांगितलं, "ओरिजनलच द्या वैनी, पण लोकलमधलं."

आणि एक शब्द आमच्या धंद्यात फार घात करतो, तो म्हणजे स्टँडर्ड. न घासलेल्या क्रँकला जे बेअरिंग लागतं त्याचं नाव स्टँडर्ड. एकदा घासला की दहाचं, पुन्हा घासला की वीसचं. साधं माप आहे. पण आपल्याकडं स्टँडर्ड म्हणजे भारी. गळ्यात चांगली जाड चेन घातलेले एक ठेकेदार आले. त्यांच्या क्रँकला वीसचं लागत होतं.

"वीसचं कसलं? स्टँडर्ड द्या. आमच्यात सगळं स्टँडर्ड असतंय."

"पावणं, स्टँडर्ड म्हंजे भारी नव्हं. स्टँडर्ड म्हंजे न घासलेलं. तुमचा क्रँक दोनदा घासलाय."

"मग आमी काय घासाघीस करायला आलोय व्हय?"

त्यांना राग आला होता. माझ्यापुढं आता दोन वाटा होत्या, चुकीचं बेअरिंग विकायचं किंवा गिऱ्हाईक घालवायचं. मी आत गेले, वीसचंच बेअरिंग आणलं आणि म्हटलं, "हे घ्या, डबल स्टँडर्ड." ते खूश होऊन गेले. गाडी अजून चालते म्हणतात.

आता फळ्याची गोष्ट. सांगायची होती ती हीच.

दुकान सासऱ्यांनी काढलं. मामंजींनी पहिल्याच वर्षी पेंटरकडून एक लांबलचक पत्र्याचा फळा रंगवून घेतला आणि मागल्या भिंतीला ठोकला. सेट फोडून मिळणार नाही. पिस्टन चाराच्या सेटमध्ये येतात. चौघांचं वजन कारखान्यातच जुळवलेलं असतं. प्रेताला चार खांदेकरी असतात तसं समजा. एक बुटका निघाला की बाकीच्या तिघांची हाडं मोडतात आणि वर झोपलेल्याचीही धडगत नसते. एक पिस्टन ह्या कंपनीचा आणि एक त्या कंपनीचा घातला तर इंजिन थरथरत राहतं आणि एक दिवस क्रँकच जातो. मामंजी गिऱ्हाइकाला हे सगळं समजावून सांगायचे. गिऱ्हाईक गेलं की आम्हाला सांगायचे, "आणि फोडला तर उरलेले तीन कुणाच्या गळ्यात मारायचे?" शास्त्र आणि धंदा दोन्ही एकाच फळ्यावर होतं.

त्याच फळ्याखाली मामंजींचे दोन मुलगे, म्हणजे आमचे मालक आणि माझे धाकटे दीर विलास भाऊजी, एकमेकांपासून फुटले.

भांडण मालावरून झालं असं सगळी शाहूपुरी सांगते. थोरल्याला कंपनीचाच माल ठेवायचा होता, धाकट्याला सगळाच. हे सांगायला बरं वाटतं. खरं भांडण पंख्यावरून झालं. दुकानात पंखा एकच होता आणि त्याच्याखाली कोण बसणार ह्यावरून सुरू झालेलं बोलणं वडिलांच्या घरापर्यंत गेलं आणि तिथून वाटणीपर्यंत. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. पंखा भाऊजींकडं गेला. पण सुताराला प्लाय कमी पडला म्हणून भिंत छतापर्यंत गेली नाही, वरून वारा आमच्याकडं यायचा. भाऊजी दुकान सोडून कुठं गेले की पंखा बंद करून जायचे, आणि इकडं मला घाम फुटायचा. ते दुकानात आहेत की नाहीत हे मला असं कळायचं.

आणि फळा? तो मागच्या भिंतीला ठोकलेला, काढायला गेलं तर पत्रा फाटत होता. सुतारानं प्लाय बरोबर त्याच्या मधोमध आणून भिडवला. शेजारच्या दुकानात राहिलं "सेट फोडून". आमच्या दुकानात राहिलं "मिळणार नाही".

आता सांगा, ज्या दुकानात शिरल्या शिरल्या समोर मोठ्या अक्षरात मिळणार नाही लिहिलंय तिथं कोण येईल? येणारे यायचे. "वैनी, काय मिळणार न्हाय?" असं विचारून हसायचे आणि आपण काही नवीन बोललो अशी त्यांची समजूत असायची. भाऊजींच्या दुकानात मात्र फळा खराच झाला. ते सेट फोडून द्यायला लागले. कुणाला एक पिस्टन हवा तर एक, दोन हवे तर दोन. त्यांच्याकडं गर्दी असायची. मी इकडून ऐकायची. वरून वारा यायचा तसा शब्दही यायचा.

मालक गेले तेव्हा भाऊजी आले. बाराव्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, कशात कमी पडू दिलं नाही. तेराव्या दिवशी जाऊन ते प्लायच्या पलीकडं बसले आणि पुन्हा बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर गिऱ्हाइकाकरवी. "पलीकडं सांगा, टेम्पो जरा पुढं घ्या." मी पण तसंच. "त्यांना सांगा, घेतो." मला त्यांचा राग होता. भाऊ गेल्यावर तरी माणसानं पहिला शब्द टाकावा की नको? त्यांनाही माझ्याबद्दल हेच वाटत असणार, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग, राग तर होताच.

अशात एक दिवस दिनकर मिस्त्रींचा फोन आला. हे आमचे जुने गिऱ्हाईक, इंजिनाच्या कामात त्यांचा हात फार चांगला. म्हणाले, "वैनी, दोन पावणं पाठवतोय. काम एकाच गाडीचं हाय, पर बिलं दोन करा."

"का?"

"आल्यावर कळंलच की."

दोघे भाऊ हातकणंगल्याकडचे. थोरला भूपाल, धाकटा सुकुमार. एकाच गाडीची चिठ्ठी घेऊन दोघे आले, पण काउंटरच्या दोन टोकांना उभे राहिले. माझ्याशी बोलायचे, एकमेकांशी नाही. बिलं दोन का ते मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं, पण घरची हकीगत फोनवर थोडकी सांगितली होती. वडील गेल्यावर रान वाटलं, गोठा वाटला, घरात भिंत घातली, विहिरीचं पाणी पाळीवर घेतलं. आईही पाळीवरच. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. फक्त गाडी वाटता येईना, कारण ती वडिलांनी हौसेनं घेतलेली आणि एकच. म्हणून ठरलं, आई ज्याच्याकडं त्याच्याकडं गाडी. आई गाडीतनं ह्या घरून त्या घरी जायची. घरं एका भिंतीची, तरी म्हातारी गाडीत बसूनच जायची म्हणे. गावाला एक फेरा मारून. आता इंजिन बसलं होतं आणि म्हातारीनं सांगितलं होतं, गाडी सुरू झाल्याबिगर मी हिथनं हलत न्हाय.

"वैनी," भूपाल म्हणाला, "मला कंपनीचे पिस्टन द्या. दोन."

"मला लोकल द्या," सुकुमार म्हणाला. "दोन."

मी दोघांकडं बघितलं. "गाडी एक का दोन?"

"एक," भूपाल म्हणाला. "पुढली दोन भोकं माझी. मागली दोन त्यांची. मी माझ्यात कंपनीचं घालनार. त्यांनी त्यांच्यात काय घालायचं ते घालावं."

इंजिनाची वाटणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. हसू आलं, पण चेहरा सरळ ठेवला. काउंटरवर बसायला लागल्यापासून तेवढं जमायला लागलं होतं.

सुकुमारला मात्र वाटणी मान्य नव्हती. म्हणजे वाटणीचं तत्त्व मान्य होतं, बाजू मान्य नव्हती. "वैनी, त्यास्नी इचारा, मागली मला का? रानातबी रस्त्याकडंची बाजू त्यांनीच घेतली. मिस्त्री म्हनला, इंजिनात पाणी पुढनं येतंय. मागल्या दोनला कमी पोचतंय, ती जास्ती तापत्यात. म्हंजे हिथंबी शेवटचं टोक माझ्याच वाट्याला."

कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचं दुःख इंजिनात निघालं होतं. आणि पंचाईत अशी की त्याचं खरं होतं. मागच्या सिलिंडरला पाणी गरम होऊनच पोचतं.

"त्यास्नी सांगा," भूपाल म्हणाला, "बदलून घ्या. पुढली तुमी घ्या. मग लोकल पुढं घालायचं आनि मागं..."

"म्हंजे बघनाराला माझंच लोकल दिसनार."

"बॉनेटच्या आतलं कोन बघतंय?"

"मी बघतोय की."

हे सगळं माझ्याकरवी चाललं होतं. शेवटी मी हात वर केला. "एक सांगा. क्रँक कुणाच्या वाट्याला आलाय?"

दोघांनी चिठ्ठीकडं बघितलं. मग भूपाल म्हणाला, "क्रँक सामायिक."

"सामायिक क्रँकवर दोन वजनाचे पिस्टन चालत न्हाईत. सेट घ्यायचा तर अख्खा घ्या. कंपनीचा घ्या न्हाईतर लोकल घ्या, लोकलबी वाईट नसतंय सगळंच. पर चारी एक घ्या. दोन-दोन मिळनार न्हाईत."

"द्या की. तुमचं काय जातंय?"

"मिळनार न्हाय."

सुकुमार चिडला. "मग ऱ्हाऊ द्या. भंगारात घालू आनि निम्मं निम्मं घेऊ. एकदाचं मिटलं."

हे त्यानं सहज म्हटलं असेल. पण भूपालचा चेहरा उतरला. मलाही बरं वाटलं नाही. ती गाडी गेली असती तर त्या दोन घरांत सामायिक म्हणून आई तेवढी उरली असती, आणि दोन्ही घरं जोडणारा तिचा तो गावाचा फेराही गेला असता. भूपाल म्हणाला, "वैनी, त्यास्नी सांगा. आव्वाला मग कशातनं आनायचं?"

"वडापच्या जीपनं येत्यात सगळी, तशी येईल."

"आव्वा?" भूपाल माझ्याकडं बघायचं विसरला आणि सरळ भावाकडं वळला. "आव्वा वडापात? मागल्या पाट्यावर बसून?"

सुकुमार नखानं काउंटर कोरत राहिला. मग त्यानं मान वर केली, त्याला माझ्या मागचा फळा दिसला आणि सगळा राग माझ्यावर निघाला. "मिळनार नाही. बघा, लिहूनच ठेवलंय. असलं दुकान मी जन्मात बघितलं न्हाय."

"आडमुठी हाय बाई," भूपाल म्हणाला.

"लई आडमुठी. चल अण्णा, शेजारी बघू."

अण्णा म्हटल्यावर भूपाल जरा थबकला. मग भावाच्या मागं निघाला. माझ्या दुकानात येताना दोन टोकांना उभे राहिलेले दोघे बाहेर पडताना मला एकमुखानं नावं ठेवत गेले. गिऱ्हाईक गेलं, पण दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकून बरंच वाटलं. तेवढ्यात लक्षात आलं की शेजारी म्हणजे भाऊजींकडं. आणि भाऊजी सेट फोडतात.

मी उठले आणि प्लायला कान लावला. लाज वाटायचं काही कारण नाही, भाऊजीही इतका वेळ पलीकडून तेच करत होते. इकडं कुणी जोरात बोललं की तिकडं खोक्यांची खुडबूड थांबते. मघापासून थांबलेलीच होती.

सुकुमारचा आवाज आला. "पावणं, पिस्टन फोडून मिळत्यात न्हवं? दोन कंपनीचे, दोन लोकल."

मला वाटलं, झालं. दोन खोकी फुटणार, दोन बिलं होणार, गाडी महिनाभर थरथरणार आणि मग भंगारातच जाणार. मालक असते तर प्लायवर मूठ हाणून ओरडले असते. मला तेवढंही करता येईना. बोलायचं तर गिऱ्हाइकाकरवी, आणि गिऱ्हाईक पलीकडं.

"फोडून मिळत्यात असं कुनी सांगितलं?" भाऊजी म्हणाले.

"फळ्यावरच लिहिलंय की. सेट फोडून."

"त्यो निम्मा फळा हाय. निम्मा पलीकडं हाय. वाचला का?"

"वाचला."

"मग जोडून वाचा."

मी प्लायला धरून तशीच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. हे ऐकायला मालक असायला पाहिजे होते. मला भाऊजींचा राग होता तो तिथल्या तिथं अर्धा झाला, अर्धा नंतरसाठी ठेवला.

पलीकडं बराच वेळ खालच्या आवाजात बोलणं चाललं. भूपाल एकदा "तुझं म्हननं काय?" म्हणाला, तेवढं ऐकू आलं. मग काउंटरवर एकच खोकं ठेवल्याचा आवाज आला. कंपनीचं की लोकल, ते मला आजही माहीत नाही, आणि माझ्यासारख्या बाईनं ते विचारलं नाही ह्याचं मलाच आश्चर्य वाटतं. बिल एकच झालं, हे मात्र ऐकलं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तिसरे माझे दीर निघाले, म्हणजे लाभ घरातच राहिला म्हणायचं.

गाडीचं काम झालं. नवीन इंजिन सुरुवातीला हळू चालवावं लागतं, रुळेपर्यंत. तसे हळूहळू चालवत ते एक दिवस दुकानासमोर आले. सुकुमार चालवत होता, भूपाल मागं बसला होता, आणि पुढच्या सीटवर त्यांची आई. म्हातारी उतरली, काठी टेकत आत आली आणि मला निरखून म्हणाली, "तूच का गं ती आडमुठी?"

"व्हय. मीच."

"बरं झालं," ती म्हणाली आणि हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. भाजलेल्या शेंगा होत्या, घरच्या रानातल्या, अजून कोमट. "पिशवी एकच आनलीया. त्या पलीकडल्याला बी दे. दोघांत घ्या."

एवढं सांगून ती गाडीत जाऊन बसली. पोरांनी गाडी हळू काढली. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता, कुठं थरथर नव्हती.

मी पिशवीकडं बघत बसले. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. निरोप सांगायला कुणीच नव्हतं. शेंगा गार होत होत्या. पलीकडं पंखा चालू होता, म्हणजे भाऊजी होते. मी घसा साफ केला. फळ्याच्या माझ्याकडच्या निम्म्यावर नजर गेली, मिळणार नाही. मग सरळ प्लायकडं तोंड केलं.

"भाऊजी, शेंगा आल्यात. फोडायला या."

मग पलीकडचा पंखा बंद झाला.